वैशालीनं लीजवर गाडी घेतली

ज्या ऑफिसात माणसांना सतत काम असतं तिथं किस्से होत नाहीत, आणि जिथं कामच नसतं तिथं नुसत्या चुगल्या होतात. आमच्या लॅबचं तसं नाही. महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीची ही क्वालिटी कंट्रोल लॅब. मशीनवर सॅम्पल लावलं की रिझल्ट यायला चाळीस मिनिटं. तेवढा वेळ मशीनजवळून हलायचं नाही आणि मोबाइल आत न्यायचा नाही. मग माणूस करणार काय? बोलणार! दिवसातून अशी सहा-सात सॅम्पलं, आणि मी तिथं नऊ वर्षं आहे. किती किस्से साठले असतील ते तुम्हीच ताडा.

आज फक्त गाडीचे सांगते. एकच अट. मधेच कुणी, "नीलम, तुला हेवा वाटत होता का गं?" असं विचारायचं नाही. वाटत होता. झालं?

*

गाडीच्या आधी स्कूटी होती, आणि ती माझी होती.

वैशाली आणि मी कंपनीत एकाच दिवशी लागलो. मी पोलादपुरात राहते. नवरा संदीप तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वैशालीचं सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. तिचा नवरा पनवेलला नोकरीला, सासूबाई वाडीवर शेळ्या आणि एक म्हैस सांभाळत, आणि ही मधेच पोलादपुरात भाड्याची खोली घेऊन. रोज सकाळी मी तिच्या खोलीखाली हॉर्न वाजवायचा. ती खाली येणार, दोघींचे डबे मांडीवर घेऊन मागं बसणार. हायवेवर ट्रक दिसला रे दिसला की मागून ओरडणार, "नीलम, डावीकडं घे! डावीकडं!"

एकदा मी वैतागून म्हटलं, "एवढं कळतंय तर तूच चालव की!"

"नको गं," ती म्हणाली, "चालवणाऱ्याला नुसता रस्ता बघावा लागतो. मागं बसलं की सावित्री नदी दिसते, डोंगर दिसतात, लोकांची घरं दिसतात."

तेव्हा मला हे फार आवडलं होतं. चालवणारी मी होते ना!

*

मग एक दिवस एचआरच्या मॅडमनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. मॅडम पुण्याच्या. पडद्यावर एका पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीचा फोटो, खाली लिहिलेलं, 'आपल्या पगारातून आपली गाडी'.

मॅडमनी छान समजावून सांगितलं. गाडी लीजवर घ्यायची. भाडं दर महिन्याला पगारातूनच कापलं जाणार, तेही टॅक्स लागायच्या आधी. विमा, सर्व्हिसिंग सगळं त्यातच. चार वर्षांनी हवी तर विकत घ्या, नको तर परत द्या. कागदावर गाडी लीज कंपनीची. स्कीम फक्त ऑफिसर ग्रेडला आणि त्याच्या वरच्यांना.

मागच्या बाकावर गणपतमामा बसले होते. मामा आमचे जुने फिटर, तुडीलचे. स्कीम त्यांना लागू नव्हती, पण चहा सगळ्यांना होता म्हणून आले होते. त्यांनी उभं राहून हात वर केला.

"मॅडम, म्हंजे पेट्रोल, नाय नाय, करंट आपन भरायचा?"

"हो."

"धुवायची आपन, पुसायची आपन?"

"हो, मामा."

"पोरं आपली बसनार, हिंडवायची आपन. पन नाव दुसऱ्याचं?"

"टेक्निकली, हो."

मामा खाली बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "समजलं. लेकीचा पोरगा! लाड आपन करायचं, आडनाव जावयाचं!"

सगळं कॅन्टीन हसलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या प्लांटला जाऊन त्यांनी हेच उदाहरण दिलं म्हणे, मामांचं नाव न घेता.

*

ऑफिसर ग्रेडला मीही होते, वैशालीही होती. त्या संध्याकाळी स्कूटीवरून येताना आम्ही ठरवलं, घाई करायची नाही. नीट विचार करायचा.

मी नीट विचार केला. एक्सेल उघडलं. पेट्रोलचा खर्च, लीजचं भाडं, टॅक्स किती वाचेल, हातात किती येईल. तिसऱ्या आठवड्यात माझ्या शीटला रंग होते, आलेख होते. एकाच गोष्टीवर मी अडत होते. चार वर्षं बांधून घ्यायचं. मधे नोकरी सोडली तर गाडी परत, वर दंड.

मी संदीपला म्हटलं, "आणि समजा मी नोकरी सोडली तर?"

तो वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठं चाललीयस?"

"तसं नाही. समजा."

"आठ वर्षं तू समजतेच आहेस."

मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर पार्किंगमध्ये वैशाली म्हणाली, "पेन दे गं जरा." मी दिलं. तिनं पर्समधून एक फॉर्म काढला, माझ्या स्कूटीच्या सीटवर ठेवला, आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. मला वाटलं रजेचा अर्ज.

"कसला फॉर्म?"

"गाडीचा," ती पेन परत देत म्हणाली. "तुझं एक्सेल झालं का?"

माझी स्कूटी, माझं पेन! आणि वर विचारते, एक्सेल झालं का!

घरी येऊन मी संदीपला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला एक खरं सांग. वैशालीनं घेतली नसती तर तुला गाडी हवी होती का?"

हा प्रश्न कुठल्याच कॉलममध्ये बसत नव्हता. मी शीट डिलीट केलं. मग रिसायकल बिनमधून परत काढलं.

*

गाडी आली. पांढरी, पडद्यावरच्या फोटोसारखीच. पहिल्या सोमवारी हॉर्न माझ्या घराखाली वाजला.

"आजपासून स्कूटी काढायची नाही," वैशालीनं खिडकीतून हुकूम सोडला.

मी डावीकडं बसले. दोघींचे डबे माझ्या मांडीवर आले. गाडी निघाली ती इतकी गुपचूप की मला कळलंच नाही. मी आपली अजून सुरू व्हायची वाट बघतेय आणि पोलादपूरचं स्टँड मागं गेलेलं! लगेच कुठंतरी टुंग टुंग वाजायला लागलं.

"बेल्ट लाव," वैशाली म्हणाली. "तुझ्यासाठी वाजतंय."

आठ वर्षं माझ्या मागं बसलेली बाई मला बेल्ट लाव म्हणत होती. मी बेल्ट लावला आणि म्हटलं, "छान आहे गं. डिकी जरा लहान वाटते, नाही?"

डिकी लहान नव्हती. डिकीत मी स्वतः झोपले असते.

हायवेवर एक ट्रक अंगावर आला. माझ्या तोंडून निघालं, "वैशाली, डावीकडं!" आणि मी जीभच चावली.

कंपनीच्या गेटवर वॉचमननं गाडीला कडक सलाम ठोकला. मला तो आठ वर्षं रोज बघत होता, पण हेल्मेटमध्ये. त्यानं खिडकीत वाकून आत पाहिलं, वैशालीकडं बघून हसला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग मॅडम! पाहुन्या हायत काय सोबत? व्हिजिटर रजिस्टरला एंट्री लागंल!"

*

कंपनीत चार्जिंग पॉइंट एकच होता, टाइम ऑफिसच्या बाजूला. गाड्या तीन. प्रॉडक्शन मॅनेजरची, एचआरच्या मॅडमची आणि वैशालीची. वैशालीच्या खोलीवर चार्जिंगची सोय नव्हती, त्यामुळं तिचा सगळा जीव त्या पॉइंटवर. पहिल्याच आठवड्यात भांडणं सुरू झाली. तेव्हा आमच्या लॅबचे साहेब, पाटील सर, यांनी तोडगा काढला. कुणीतरी एकानं वेळापत्रक करायचं.

"नीलम करेल," सर म्हणाले. "जिच्याकडं गाडी नाही तिचाच निकाल सरळ असतो."

सरांना काय माहीत! मी अगदी मनापासून वेळापत्रक केलं. मॅनेजरना सकाळची वेळ, मॅडमना चारनंतरची. वैशालीला भर जेवणाच्या सुट्टीतली. म्हणजे पहिला घास घेतला की उठायचं, जाऊन गाडी लावायची, येईपर्यंत आमटी गार.

वेळापत्रकाखाली कारण लिहिलं, 'लोड मॅनेजमेंट'.

पहिल्या दिवशी ती उठून गेली आणि परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी डबाच घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधल्या तिघी मुली तिच्याबरोबर गेल्या. चौथ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं. गाडी चार्जिंगला लावलेली, काचा वर, एसी सुरू, आत गाणी, आणि चौघीजणी मांडीवर डबे उघडून हसतायत. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं. कॅन्टीनचा पंखा बंद. आमच्या टेबलावर मी आणि पाटील सर.

सर म्हणाले, "तू नाही गेलीस?"

शुक्रवारी मी वेळापत्रक बदललं. वैशालीला सकाळची वेळ दिली. ती धावत लॅबमध्ये आली.

"अगं नीलम, का बदललंस? इतकं मस्त जमलं होतं!"

*

पुढं एका सुट्टीच्या दिवशी पाटील सरांनी टूम काढली, हिरकणीवाडीला जाऊ, रायगडाचा रोपवे करू. वैशाली, सर, गणपतमामा आणि मी. गाडी अर्थातच तिची. आदल्या दिवशी कंपनीत शटडाऊन होता, त्यामुळं चार्जिंग झालेलं नव्हतं. वैशाली म्हणाली, "पुरेल."

महाडपर्यंत पुरलं. पुढं चढ लागला आणि पडद्यावरचे आकडे उतरायला लागले. सर पुढं बसलेले, ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखे आकडे सांगत होते. "तेवीस... एकवीस... अरे, अठरा!" वैशालीनं एसी बंद केला. मग गाणी बंद केली. मग सरांना मोबाइलची वायर काढायला लावली.

गणपतमामा हळूच म्हणाले, "मी खाली उतरून चालू काय गो? तेवढंच वजन कमी."

आणि मी? मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात म्हणत होते, बंद पड. एकदा, एकदाच बंद पड! मी सरांना म्हणेन, 'तरी मी म्हणत होते.' हे वाक्य मी पाच महिने जपून ठेवलं होतं.

नऊ टक्क्यांवर आम्ही हिरकणीवाडीत पोचलो. माझं वाक्य तसंच राहिलं.

आता परत कसं जायचं? एका खाणावळीपुढं गाडी उभी केली. मालकीणबाई चुलीशी भाकऱ्या थापत होत्या. वैशालीनं अडचण सांगितली. बाईंनी हात पुसले, बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली.

"मोठा पलक लागंल ना हिला? माझ्याकडं येकच हाय. त्याला फ्रीज लावलाय."

"मग राहू दे, ताई," वैशाली म्हणाली.

"ऱ्हाऊ दे कशाला? काढते की फ्रीज!" बाई म्हणाल्या. "पन दोन तास फ्रीज बंद ऱ्हायला तर आतलं आइस्क्रीम इतळंल त्याचं काय?"

बाईंनी आम्हा चौघांना एकदा नीट निरखून पाहिलं.

"चार मानसं हायसा. पिठलं-भाकरी नंतर. आदी आइस्क्रीम संपवा!"

पाटील सरांनी पाच कोन खाल्ले. मामांना साखरेचा त्रास, तरी त्यांनी "गाडीसाठी" म्हणत दोन संपवले. मी तीन खाल्ले, आणि तिसरा खाताना लक्षात आलं की वैशालीची गाडी माझ्या पोटाच्या जिवावर चार्ज होतेय!

*

वैशालीच्या वाडीवर मात्र गाडीचं वेगळंच झालं. ती रविवारी सासूबाईंकडं जायची. वाडीतल्या शेळ्यांना जीपचा आवाज ओळखीचा, मोटारसायकलचाही. या गाडीला आवाजच नाही. ही अंगणात येऊन टेकली तरी शेळ्या वाटेतून हलायच्या नाहीत. वर गाडीचं बॉनेट सपाट आणि उन्हात गरम. एका रविवारी एक शेळी चढलीच, आणि वर उभी राहून पेरूच्या झाडाची पानं खायला लागली.

सोमवारी सकाळी गाडी माझ्या घरापाशी आली ती किणकिणत! मी गॅलरीतून बघते तर पुढं, नंबर प्लेटच्या वर, पितळेची घंटी. शेळीच्या गळ्यातली.

"सासूबाईंनी बांधली," वैशाली म्हणाली. "म्हणाल्या, 'मुकं जनावर हाय, त्याचं त्याला सांगता येत नाय. वाजत ऱ्हाऊ दे.'"

"आणि तू तशीच कंपनीत येणार?"

"काढली तर त्यांना कळेल ना! दर रविवारी बघतात."

वॉचमननं सलाम केला. मॅनेजर थांबून हसले. मॅडमनी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर त्या घंटीचंच कौतुक. आणि मला वाटलं काय, तर माझ्या सासूनं आजवर माझ्या स्कूटीला काही म्हणजे काही बांधलं नाही!

*

वर्ष उलटलं. एकदा घरी येताना, हायवेवर, वैशाली समोर बघतच म्हणाली, "मला पनवेलला ऑफर आलीय. मोठ्या कंपनीत. ह्यांच्या घराच्या जवळ."

"अभिनंदन," मी म्हटलं. बॅच फेल झाली की ज्या आवाजात मी प्रॉडक्शनला फोन करते, त्याच आवाजात.

नोकरी सोडायचं स्वप्न माझं होतं. ते मी आठ वर्षं, आता नऊ, नीट घडी घालून ठेवलं होतं. आणि चार वर्षांसाठी बांधून घेतलेली बाई चाललीय! मी म्हटलं, "आणि गाडीचं? दंड भरावा लागेल ना?" मला तो नियम तोंडपाठ होता.

"नाहीतर कंपनीतल्याच कुणी लीज नावावर करून घ्यायची," ती म्हणाली. "मी अजून कुणाला विचारलं नाहीये. आधी तुला विचारते."

मी तीन दिवस विचार केल्याचं नाटक केलं. संदीपनं विचारलं, "एक्सेल कुठंय?" मी म्हटलं, "लागणार नाही." खरं म्हणजे मला ती गाडी इतकी हवी होती की ती मिळतेय म्हटल्यावर नुसता आनंद व्हायला हवा होता. वाटलं मात्र असं, की जेवणं उरकल्यावर आपल्याला कुणीतरी आग्रहानं वाढतंय.

हस्तांतराच्या दिवशी एचआरच्या मॅडम गाडी तपासायला खाली आल्या. हातात टॅबलेट. टायर बघितले, काचा बघितल्या, आणि बॉनेटपाशी थबकल्या.

"हे दोन ओरखडे कसले?"

"शेळीचे," वैशाली म्हणाली.

"काय?"

"शेळी चढली होती, मॅडम. खुरांचे आहेत."

मॅडमनी टॅबलेटवर बघितलं. नुकसानीच्या कारणाची यादी ठरलेली होती, त्यातलंच एक निवडावं लागायचं. झाड, भिंत, पूर, आग, अन्य वाहन. मॅडम बराच वेळ त्या यादीवरून बोट फिरवत राहिल्या.

"शेळी नाहीये यात," त्या म्हणाल्या.

"मग?"

मॅडमनी उसासा सोडला आणि बटण दाबलं. 'अन्य वाहन'!

*

लीज माझ्या नावावर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, वैशाली सासूबाईंचा निरोप घ्यायला वाडीवर निघाली. मला म्हणाली, "तूच चल घेऊन. तुझी गाडी आहे."

मी चालवत होते. ती डावीकडं. वळणावळणाचा चढ, एका बाजूला दरी. ती एकदाही "डावीकडं" म्हणाली नाही, बाहेर बघत बसली होती. मी म्हटलं, "आता मजा आहे बुवा तुझी. नवी कंपनी, मोठं शहर."

"हं," ती म्हणाली. "तुला काय, तुझं सगळं इथंच आहे."

मला ते टोचलं. तिला म्हणायचं होतं, तू इथंच राहणार. दुसरं काय असणार?

वाडीवर सासूबाईंनी चहा केला. सुनेच्या पिशवीत तांदूळ घातले, कुळीथ घातले, तुपाची बरणी घातली. मग आम्ही उठलो तशा म्हणाल्या, "थांबा. अशा नका जाऊ." आत गेल्या आणि मुठीत मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेऊन बाहेर आल्या.

आता हे सांगायला हवं. आमच्या घरात हे असलं काही नाही. माझे बाबा महाडच्या कचेरीत क्लार्क होते. दृष्ट, मीठ, मिरची हे शब्द त्यांनी घरात कुणाला काढू दिले नाहीत. मी स्कूटी घेतली तेव्हा आम्ही बुद्धवंदना म्हटली, गल्लीत खीर वाटली, झालं. आणि मी केमिस्ट्रीची एमएस्सी आहे. मिरची विस्तवावर पडली की नाका-डोळ्यांत झोंबणार, यात नजरेचा काय संबंध?

पण म्हातारीला कोण सांगणार? त्यांनी गाडीवरून मूठ उतरवली, पुढून, मागून. मग वैशालीवरून. मग माझा दंड धरून मलाही तिच्या शेजारी उभं केलं. "तू बी ये गो. आता गाडी तुझी हाय." मग लाल निखाऱ्यांची शेगडी अंगणात आणून ठेवली आणि मूठ तीवर सोडली.

मीठ तडतडलं. मोहरी उडाली. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, धूर निघाला.

"आता बघा हां," म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नजर नसंल तर आसा ठसका लागंल की उभं ऱ्हावनार नाय. आन ठसका नाय लागला, तर समजायचं कुनाची तरी लागलीवती. जवळच्या मानसाची. लांबच्याची येवडी लागत नाय."

धूर सरळ आमच्या अंगावर आला. मी श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. मिरच्यांचा वास नाही, झोंबणं नाही, नुसता कोळशाचा धूर. म्हातारी शेगडीकडं बघत होती. मी वैशालीकडं बघितलं नाही. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मी पदर तोंडाला लावला आणि जोरात खोकायला लागले.

"खो! खो! बाई गं, काय ठसका!"

आणि त्याच क्षणी माझ्या शेजारून, माझ्याहून मोठ्या आवाजात, वैशाली खोकायला लागली. वाकून, छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आम्ही दोघी खोकत होतो. म्हातारीनं शेगडीवर वाकून नाक ओढून वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ उभी राहून एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं.

"मला तर कायच वास येत नाय गो!"